मांडीवरचा खर्ज

१८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमधल्या सोनी म्युझिक स्टुडिओत ‘निर्वाणा’ या अमेरिकी रॉक बँडने एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ मालिकेसाठी कार्यक्रम केला. मेणबत्त्या, लिलीची पांढरी फुले, जुनाट स्वेटर घातलेला कर्ट कोबेन. पुढच्या एप्रिलमध्ये कोबेन गेला आणि या चित्रणाला निरोपाच्या मैफलीची कळा आली. ते पाहणाऱ्या बहुतेकांची नजर त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. माझी हलते आणि शेजारच्या क्रिस्ट नोवोसेलिकवर जाऊन बसते. या ताडमाड माणसाच्या मांडीवर गिल्ड कंपनीची अकूस्टिक बेस गिटार आहे. दिसायला साध्या लाकडी गिटारसारखीच, फक्त अंगाने भरलेली, लांब दांडीची आणि चार जाड तारांची. कार्यक्रमाचे नाव ‘अनप्लग्ड’, म्हणजे वायर काढून टाकलेला. पण त्या बेसच्या पोटात पिकअप होता, आणि खुद्द कोबेनची लाकडी मार्टिन गिटारही ॲम्प्लिफायरला जोडलेली होती.

समजा, त्या रात्री स्टुडिओतली वीज गेली असती. कोबेनचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला असता, त्याची गिटार निदान पहिल्या काही रांगांना ऐकू गेली असती, डेव्ह ग्रोलच्या ड्रमना तर विजेची गरजच नव्हती. नोवोसेलिकचा बेस किती जणांना ऐकू गेला असता?

हाच प्रश्न व्यवहाराच्या भाषेत मला अधूनमधून विचारला जातो, कारण मी हौशी बेसवादक आहे. चार मित्र घरी, गच्चीवर किंवा सहलीला गिटारी घेऊन बसतात, तिथे वायरी आणि ॲम्प्लिफायर नकोत, मग अकूस्टिक बेस गिटार घ्यावी का? वाद्यांच्या दुकानात या प्रश्नाचे उत्तर ‘घ्या की’ असेच मिळते. दुकानाच्या शांत कोपऱ्यात एकट्याने वाजवली तर ती सुरेख घुमतेही. मला हा प्रश्न खरेदीचा कमी आणि इतिहासाचा जास्त वाटतो. विजेशिवाय खर्ज कसा उभा करायचा आणि तो चारचौघांत ऐकू कसा जाऊ द्यायचा, याची खटपट शंभराहून अधिक वर्षे निरनिराळ्या देशांतल्या लोकांनी केली आहे. त्यांनी काय काय करून पाहिले हे कळले, की उत्तर बरेचसे आपोआप मिळते.

खर्ज हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. तो षड्जाचाच अपभ्रंश, आणि आपल्याकडे मंद्रातल्या षड्जापुरता न राहता एकूणच ढाल्या, खोल आवाजाला लावला जातो. पाश्चात्त्य बेसला याहून चांगला मराठी शब्द मला सापडलेला नाही.

अडचण मुळात भौतिकशास्त्राची आहे. बेस गिटारची सर्वांत ढाली तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, साध्या गिटारची ८२. एकेचाळीस कंपनांच्या स्वराची हवेतली लाट सव्वाआठ मीटर लांब असते. अशी लाट उठवायची तर भरपूर हवा हलवावी लागते, त्यासाठी मोठी तबली लागते आणि पोटात मोठी पोकळी लागते. साध्या गिटारच्या पोटातली हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, माणसापेक्षा उंच असणाऱ्या डबल बेसच्या पोटातली ६०च्या आसपास. पेटी जिथे घुमते त्याच्या खालच्या स्वरांना ती फारशी साथ देत नाही. म्हणजे गिटारच्या मापाच्या, किंवा तिच्याहून जराशाच मोठ्या पेटीवर चार जाड तारा चढवल्या, की तारा एक बोलतात आणि पेटी दुसरेच ऐकते. त्यात आपला कानही फितूर. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवून दिले, की हळू आवाजात माणसाचा कान ढाल्या स्वरांना फार मंद असतो. चाळीस हर्ट्झचा स्वर हजार हर्ट्झच्या हळू स्वराइतका मोठा वाटायचा असेल, तर तो चाळीसहून अधिक डेसिबल वरचा असावा लागतो. शक्तीच्या हिशेबात हे दहा हजार पट झाले. मांडीवरच्या लाकडी पेटीकडून कोणी एवढी अपेक्षा करू नये.

मात्र एक पळवाट आहे. फोनवर वडिलांचा आवाज आपण ओळखतो. जुना टेलिफोन ३०० हर्ट्झच्या खालचे काहीच पुढे पाठवत नसे, आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर शंभर-सव्वाशेच्या घरात असतो. म्हणजे मूळ स्वर तारेतून येतच नव्हता, येत होते ते त्याचे वरचे स्वयंभू स्वर. त्यांच्यातल्या अंतरावरून गाळलेला मूळ स्वर आपला मेंदू भरून काढत असे. तंबोऱ्यात हे आपण रोज ऐकतो. खर्जाच्या तारेचा भरणा जवारीतून उठणाऱ्या वरच्या स्वरांचा असतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१मध्ये कोलकात्यात भारतीय तंतुवाद्यांवरचा छोटा निबंध प्रसिद्ध केला. तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वयंभू स्वरांनी शास्त्राप्रमाणे गप्प बसायला हवे, तेही तंबोऱ्याच्या पसरट घोडीमुळे ऐकू येतात, असे त्यांनी त्यात नोंदवले. तंबोऱ्याचा खर्ज भारदस्त वाटतो तो असा. खर्ज मोठा करणे शक्य नसेल, तर तो सुचवता येतो. ही गोष्ट लक्षात ठेवून पुढे जाऊ.

खर्ज खरोखरच मोठा करायचा प्रयत्न आधी झाला. व्हसिली आंद्रेयेव्ह या रशियन माणसाने १८८८मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये बलालायका वादकांचा आपला जथा लोकांपुढे आणला. बलालायका हे तीन तारांचे, तिकोनी, खेडवळ वाद्य. त्याचा पाश्चात्त्य धर्तीचा वाद्यमेळ करायचा म्हणजे लहान-मोठ्या आकारांचे कुटुंबच घडवावे लागणार होते. कारागिरांना हाताशी धरून त्याने ते घडवून घेतले. त्यातला खर्जाचा बलालायका आजही रशियन वाद्यमेळात दिसतो. तो मांडीवर मावत नाही. त्रिकोणाच्या एका कोपऱ्याला लोखंडी खिळा असतो, त्यावर तो जमिनीवर टेकवायचा आणि चामड्याच्या नखीने तारा ओढायच्या. दारच मांडीवर घेतल्यासारखे दिसते, पण आवाज मात्र निघतो.

अमेरिकेत पहिल्या महायुद्धाआधी मँडोलिनचे वेड होते. गावोगावी मँडोलिनचे वाद्यमेळ निघाले होते आणि त्यांना वाद्ये विकणाऱ्यांत गिब्सन कंपनी पुढे होती. १९१२च्या सुमारास तिने मँडो-बेस बाजारात आणला. चार तारा, ४२ इंचांची तार-लांबी, जवळजवळ डबल बेसइतकीच. टेकू लावून किंवा खिळ्यावर उभा करून तो वाजवावा लागे. १९३०च्या आगेमागे त्याचे उत्पादन थांबले. कारण उघड होते. एवढे धूड वाहूनच न्यायचे, तर माणूस डबल बेस का नेणार नाही? त्याला गज लावता येतो, बोटांनी वाजवता येतो, आणि शिकवणारे प्रत्येक शहरात सापडतात. पुढे केंटकीच्या बिल मन्रोने १९४५-४६च्या सुमारास ब्लूग्रास संगीताचा साचा पक्का केला, तेव्हा बँजो, मँडोलिन, फिडल आणि गिटार यांच्या मागे उभा होता तो डबल बेसच. बँजोसारख्या कर्कश शेजाऱ्यापुढे विजेशिवाय टिकणारे ते एकच तंतुवाद्य होते.

काहींनी खर्जासाठी तारेचा नादच सोडला. न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकीत ट्यूबा होता. मेम्फिस आणि लुइव्हिलच्या गरीब वादकांकडे ट्यूबाला पैसे नव्हते, त्यांनी दारूच्या मातीच्या बरणीच्या तोंडाशी ओठ धरून खर्ज फुंकला. १९२०च्या दशकातल्या ‘जग बँड’च्या ध्वनिमुद्रिकांत तो ऐकू येतो आणि ऐकताना हसू आल्यावाचून राहत नाही. आपल्याकडे खर्ज तारेपेक्षा कातड्याकडे सोपवला गेला, असे मला नेहमी वाटते. भजनात पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, ती कशासाठी? गोव्यात मांडो गातात तेव्हा व्हायोलिन आणि गिटार वर असतात, आणि खाली मातीच्या भांड्याचे घुमट. त्याला पूर्वी घोरपडीचे कातडे मढवत, आता कायद्यामुळे बकऱ्याचे. २०१९मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य ठरवले. जॉन मॅक्लॉफ्लिनच्या ‘शक्ती’ या समूहाची पहिली तबकडी १९७६मध्ये आली, तेव्हा अमेरिकी श्रोत्यांना आणखी एक नवल वाटले असणार. त्यात अकूस्टिक गिटार आणि व्हायोलिन होते, बेस नव्हताच. ती जागा झाकीर हुसेन यांचा डग्गा आणि विक्कू विनायकराम यांचा घटम् भरून काढत होते. डग्ग्यावर तळहाताची घसीट आली, की खर्ज हलतो, गातो. त्याची उणीव कोणाला भासली नाही.

मेक्सिकोच्या मारियाची वादकांचा मार्ग मला सर्वांत हुशारीचा वाटतो. काही भागांत त्यांच्याकडे खर्जाचे काम हार्पकडे होते. पण मारियाची उभ्याने, चालता चालता वाजवतात, लग्नघरातून चौकात आणि चौकातून खानावळीत जातात. हार्प पाठीवर टाकून कुठवर हिंडणार? तिची जागा गिटारॉन या वाद्याने घेतली. ते गिटारसारखे गळ्यात अडकवता येते. पण त्याची पाठ गरोदर बाईच्या पोटासारखी फुगलेली असते, म्हणून आत हवा भरपूर. दांडी आखूड, पडदे नाहीत, तारा सहा. त्याची सर्वांत ढाली तार बेस गिटारच्या ढाल्या तारेइतकी खाली जात नाही, ५५ हर्ट्झच्या ‘ए’पाशी थांबते. शिवाय वादक बहुधा एक तार छेडतच नाही. तो दोन तारा एकदम ओढतो, एक खालच्या सप्तकातली आणि एक वरच्या सप्तकातली, दोन्ही एकाच स्वराच्या. वरची तार कानाला सापडते आणि खालची तिच्या मागोमाग आत येते. मघाशी सांगितलेली पळवाट ती हीच. ध्वनिशास्त्राचे एक पानही न वाचता त्या लोकांनी ती शोधली आणि तीन-चार व्हायोलिने आणि तुताऱ्यांसमोर खर्ज उभा केला. मात्र बोटांना त्याची किंमत मोजावी लागते. दोन जाड तारा जोरात ओढत राहणे हे कष्टाचे काम आहे.

दरम्यान, विजेने हा सगळा प्रश्नच पुसून टाकला होता. सिएटलच्या पॉल टुटमार्कने १९३०च्या दशकाच्या मध्यावर पडद्यांची, आडवी धरायची विजेची बेस काढली, ती चालली नाही. कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडरने १९५१मध्ये ‘प्रिसिजन बेस’ आणली आणि ती जगभर चालली. ३४ इंचांची तार-लांबी तेव्हा ठरली, ती बेस गिटारच्या बाबतीत अजून प्रमाण मानली जाते. भरीव लाकडाची फळी, पिकअप, ॲम्प्लिफायर. पोकळीची गरज संपली. डबल बेस टॅक्सीच्या टपावर बांधून हिंडणाऱ्या वादकांची पाठ सुटली. फेंडरच्या त्या सुरुवातीच्या कारखान्यात १९४८पासून त्याच्याबरोबर काम करणारा एक माणूस होता, जॉर्ज फुलर्टन. हे नाव पुन्हा येणार आहे.

१९६०च्या दशकात गिटारच्या तारा विकून नाव कमावलेल्या अर्नी बॉलला वाटले, विजेच्या गिटारीला जोडीदार म्हणून विजेची बेस आहे, तर लाकडी गिटारीला लाकडी बेस का नाही? शोधल्यावर त्याला जवळचे नातेवाईक सापडले ते मेक्सिकोचे गिटारॉन. सीमेपलीकडच्या तिहुआनात जाऊन त्याने एक विकत आणले आणि त्याच्याशी खटपट करत बसला. शेवटी जॉर्ज फुलर्टनला सोबत घेऊन त्याने १९७२मध्ये ‘अर्थवुड’ बेस बाजारात आणली. ज्याने वीस वर्षांपूर्वी खर्जाला वायर लावण्याच्या कामात हात घातला होता, तोच आता ती वायर काढायला बसला होता. वाद्यांच्या इतिहासात अशी वळणे फार नाहीत.

अर्थवुड अवजड होती. आजच्या कोणत्याही अकूस्टिक बेसपेक्षा तिचे पोट मोठे आणि खोल, म्हणून आवाजही मोठा, विशेषतः खालच्या तारांवर. पण गिटारॉनकडून बॉलने पोट घेतले, युक्ती घेतली नाही. दोन सप्तके एकदम छेडण्याची पद्धत मागे राहिली, पडदे आले, तारा चारच राहिल्या, ३४ इंचांची फेंडरची लांबी आली. विजेच्या बेसवरून आलेल्या वादकाच्या बोटांना ओळखीचे वाटेल असे वाद्य झाले, आणि बाजाराच्या दृष्टीने ते योग्यही होते. पण गिटारॉनला जे जमले त्यातले अर्धेच तिला जमले. १९७४मध्ये उत्पादन थांबले, काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाले आणि १९८५मध्ये कायमचे संपले.

त्या तेरा वर्षांत या वाद्याने विजेशिवाय काय करता येते हे एकदा नीट दाखवून दिले, तेही रस्त्यावर. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात ‘व्हायोलंट फेम्स’ नावाचे तीन तरुण फुटपाथवर वाजवत. गॉर्डन गॅनोकडे लाकडी गिटार, ब्रायन रिचीकडे अर्थवुड बेस, व्हिक्टर डीलोरेंझोकडे जवळजवळ एकच ड्रम आणि काठ्यांऐवजी तारांचे ब्रश. २३ ऑगस्ट १९८१ रोजी ते ओरिएंटल थिएटरबाहेर वाजवत होते. आत त्या रात्री ‘प्रिटेंडर्स’चा कार्यक्रम होता. त्यांचा गिटारवादक जेम्स हनीमन-स्कॉट बाहेर आला, थबकला आणि या तिघांना त्याच रात्री रंगमंचावर थोडा वेळ वाजवण्याचे आमंत्रण मिळाले. १९८३मध्ये त्यांची पहिली तबकडी आली.

ती तबकडी मी या लेखासाठी पुन्हा पुन्हा ऐकली, फक्त बेसच्या मागे कान लावून. रिची मागे उभा राहून सम दाखवत नाही. तो सतत पुढे येतो, मधल्या आणि वरच्या पट्टीत धून वाजवतो, तारा जोरात ओढतो, त्या पडद्यांवर खडखडतात आणि तो खडखडाट तो लपवत नाही. खडखडाट म्हणजे वरचे स्वयंभू स्वर, म्हणजे कानाला पकडायला काहीतरी. समोर गिटार एकच आहे आणि ड्रम ब्रशवर. रस्त्यावर वाजवणाऱ्या तिघांनी एकमेकांसाठी जी जागा सोडली, ती स्टुडिओतही तशीच राहिली. अकूस्टिक बेस गिटार विजेशिवाय चालत नाही म्हणणाऱ्यांना मी ही तबकडी ऐकवतो. चालते म्हणणाऱ्यांनाही हीच ऐकवतो आणि विचारतो, तुमच्याकडे ड्रमवाला ब्रश घ्यायला तयार आहे का?

आता दूरदर्शनचा काळ. एमटीव्हीची ‘अनप्लग्ड’ मालिका नोव्हेंबर १९८९मध्ये सुरू झाली. अर्थवुड बंद पडून चार वर्षे झाली होती. जानेवारी १९९२मध्ये इंग्लंडमधल्या ब्रे इथल्या स्टुडिओत एरिक क्लॅप्टनने त्या मालिकेसाठी जो कार्यक्रम केला, त्याची तबकडी जगभर खपली. तिथे नेथन ईस्टच्या हाती अकूस्टिक बेस गिटार होती. त्यानंतर नोवोसेलिक. निर्वाणाच्या त्या कार्यक्रमात एका गाण्यापुरता नोवोसेलिकने अकॉर्डिअन घेतला, तेव्हा हीच बेस ग्रोलच्या मांडीवर गेली. पडद्यावर विजेची चकाकती बेस शोभली नसती. लाकडाच्या शेजारी लाकूड हवे होते. कोणत्या कंपनीची किती वाद्ये खपली हा आकडा माझ्याकडे नाही, पण नव्वदच्या दशकात गिटार बनवणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या यादीत अकूस्टिक बेस आली हे जुन्या कॅटलॉगांतून दिसते.

आणि इथे एक गंमत झाली. वाद्य वायर जोडूनच वाजणार हे गृहीत धरल्यावर, मोठे पोट ही नुसती अडगळ ठरली. शिवाय मोठ्या पोकळीत लाउडस्पीकरचा आवाज परत शिरतो आणि वाद्य हुंकारू लागते, ती डोकेदुखी वेगळीच. म्हणून पोटे लहान होत गेली, कड उथळ झाली, घोडीखाली पिकअप आणि कडेला बॅटरीचा प्रिॲम्प आला. ‘अनप्लग्ड’ या शब्दामुळे लोकप्रिय झालेले वाद्य त्याच लोकप्रियतेमुळे वायरीवाचून आणखी दुबळे झाले. आज दुकानात जी अकूस्टिक बेस टांगलेली दिसते ती बहुधा या पिढीची असते. तिला अर्थवुडची वारस म्हणवत नाही. ती विजेचीच बेस आहे, फक्त तिला घरात एकट्याने सराव करताना वायर जोडावी लागत नाही. हा उपयोग कमी लेखू नये, रात्री अकरानंतर शेजाऱ्यांची झोप न मोडता वाजवता येते. पण दुकानदाराने तो उपयोग म्हणून सांगावा, मेळात वाजवायचे वाद्य म्हणून नव्हे.

माझ्याकडे यातलीच एक आहे आणि पुण्यात आम्ही चौघे महिन्यातून दोनदा बसतो : दोन गिटारी, एक काहोन आणि मी. एक गिटारवाला बोटांनी वाजवत असेल तर माझा प्रत्येक स्वर ऐकू जातो. त्याने नखी घेतली की मी अंधुक होतो. दुसराही नखी घेऊन सुरू झाला की संपलेच. काहोनवाला मित्र एकदा म्हणाला, “अरे, तू वाजवतोयस की नुसती बोटं हलवतोयस?” तेव्हापासून मी बऱ्याच गोष्टी करून पाहिल्या. खोलीच्या कोपऱ्यात भिंतींकडे पाठ करून बसलो तर खर्ज स्पष्ट वाढतो, दोन भिंती त्याला पुढे ढकलतात. बोटांऐवजी जाड नखी घेतली तर आवाजाला धार येते आणि ती धार गिटारींच्या गर्दीतून वाट काढते. सर्वांत ढाल्या तारेवरचे स्वर एक सप्तक वर नेऊन वाजवले, तर ऐकणाऱ्यांना खर्ज उलट जास्त जाणवतो. आणखी एक गोष्ट ध्यानात आली, की आवाज पेटीच्या तोंडातून समोर जातो, म्हणून वाजवणाऱ्याला तो सर्वांत कमी ऐकू येतो आणि तो उगाच जोर लावत सुटतो. समोर बसलेल्याला विचारून मगच जोर वाढवावा.

या सगळ्याने फरक पडतो, पण एका मर्यादेपर्यंत. काहोन थापेने वाजत असेल, किंवा कोणी मँडोलिन वा बँजो घेऊन आले असेल, तर यातले काही कामाचे नाही. मग छोटा बॅटरीवरचा ॲम्प्लिफायर आणावा आणि साधी विजेची बेस त्याला जोडावी. ती स्वस्त पडते, हलकी असते आणि लाकडी असल्याचा आव आणत नाही. शुद्धतेच्या हट्टापायी न ऐकू येणारे वाद्य धरून बसण्यात मला काही पावित्र्य दिसत नाही. पण एक गिटार, एक गळा आणि फार तर एक हलका ठेका असेल, तर अकूस्टिक बेस घ्यावी असे मी सांगेन, आणि शक्य तेवढ्या मोठ्या पोटाची घ्यावी.

अर्नी बॉलची बेस ही पहिली आधुनिक अकूस्टिक बेस गिटार, असे सर्रास लिहिले जाते. अमेरिकेपुरते ते खरे असेल. लिस्बनच्या फादो गायकांना मात्र हे वाद्य त्याच्या बरेच आधीपासून ठाऊक होते. फादोला जुनी साथ दोन वाद्यांची : बारा तारांची, नासपतीच्या आकाराची पोर्तुगीज गिटार आणि तिच्यासोबत साधी गिटार, तिला तिथे ‘व्हिओला’ म्हणतात. १९५९मध्ये राउल नेरी याने चौघांचा साथीचा ताफा बांधला, त्यात दोन पोर्तुगीज गिटारी, एक व्हिओला आणि चौथे वाद्य ‘व्हिओला बायशो’, म्हणजे खर्जाची व्हिओला. चार तारांची, गिटारच्याच आकाराची पण मोठी, पूर्ण लाकडी. ती वाजवत असे जोएल पिना. फादोत हे वाद्य रुजवण्याचे श्रेय त्यालाच दिले जाते. १९६६पासून तो थोर गायिका अमालिया रॉद्रिगेश हिच्या साथीला होता, जवळजवळ तीस वर्षे. २०२१मध्ये तो वारला तेव्हा त्याची शंभरी पुरी झाली होती.

व्हिओला बायशो तिथे चालते याचे कारण वाद्यात कमी आणि रिवाजात जास्त आहे. फादोच्या खानावळीत गाणे सुरू होताना दिवे मंद करतात. बोलणे थांबते, वाढपी जागच्या जागी उभे राहतात, काटे-चमचे खाली ठेवले जातात. कोणी कुजबुजले तर शेजारच्या टेबलावरून डोळे वटारले जातात. ठेका धरणारे वाद्य नसतेच. पोर्तुगीज गिटार गायिकेच्या ओळी संपल्यावर बोलते, ओळ चालू असताना मागे सरते. त्या शांततेत खर्जाचा एक स्वर पुरतो. पिनाचे वादन ऐकले तर तो किती कमी वाजवतो याचेच आश्चर्य वाटते. बहुतेक ठिकाणी मात्रेवर एक स्वर, कधी दोन, ओळ वळते तिथे खाली उतरणारी तीन-चार स्वरांची जिन्यासारखी हरकत, आणि पुन्हा थांबणे.

फादो गोव्यातही आला आणि सोनिया शिरसाट यांच्यासारख्या गायिकांमुळे आज तो पणजी-मडगावच्या कार्यक्रमांत पुन्हा ऐकू येतो. तिथे साथीला पोर्तुगीज गिटार आणि व्हिओला मिळतात. व्हिओला बायशो मात्र मी तिथे अजून पाहिलेली नाही. पुढच्या हिवाळ्यात माझी बेस घेऊन जायचे ठरवले आहे, प्रिॲम्पमधली बॅटरी काढून.